उघड्यावरचा साग : तेल, व्हार्निश की तसाच?

आमच्या ओट्यावरच्या झोपाळ्याचा पाट तिसऱ्या पावसाळ्यात सोलवटला. पितळी कड्या जिथे पाटात शिरतात तिथे आधी रुपयाएवढा पांढुरका फुगवटा आला. नखाने टोकरला तर पापुद्रा सुटला आणि खाली लाकूड ओले, काळसर. महिन्याभरात निम्मा पाट उन्हाने भाजलेल्या पाठीसारखा सोलून निघाला. पॉलिशवाला म्हणाला होता, ‘बेन, पीयू मारी दउं? काच जेवुं थई जशे.’ पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, प्लॅस्टिकसारखा कडक थर धरणारे पॉलिश. झालेही होते काचेसारखे. ती काच खरवडून काढायला मला अकरा दिवस लागले. पॉलिशवाल्यावर राग धरला नाही, कारण पाट आत टांगायचा की बाहेर हे त्याने विचारले नव्हते तसे मीही सांगितले नव्हते.

त्यानंतर मी उघड्यावरच्या सागाच्या मागेच लागले. या विषयात जहाजवाल्यांइतका अनुभव कोणाला नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरले, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. आपल्याला तेवढे नको. आपल्याला ओट्यावरचा झोपाळा, गच्चीतला बाक, फाटकाची फळी आणि रस्त्याकडचा दरवाजा नीट राहिला तरी पुष्कळ. पण नियम तेच लागतात, आणि बडोद्याचे ऊन-पाऊस बंदरापेक्षा काही मवाळ नाहीत.

आधी तो साग आहे का, आणि कोणता

आपल्याकडचे मिस्त्री ‘वलसाडी’, ‘सी.पी.’, ‘बर्मा’ अशी नावे घेतात. नावावर फार जाऊ नका, फळीचा कापलेला शेव, म्हणजे टोक, बघा. गाभ्याचे लाकूड सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट, वास कातड्यासारखा. कडेचा पांढरट पट्टा म्हणजे सालीजवळचे कच्चे लाकूड. ते सागाचे असले तरी त्यात गाभ्याचा टिकाऊपणा नसतो. वाळवी आणि बुरशी आधी तिथेच शिरतात. बाहेरच्या कामात असा पट्टा चालवून घेऊ नका, कितीही जाड व्हार्निश देणार असलात तरी. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात तेल कमी आणि पांढरा भाग जास्त असतो. ‘आफ्रिकन टीक’ म्हणून मिळते ते बहुतेक वेळा इरोको नावाचे वेगळेच झाड असते. लाकूड वाईट नाही, पण सागाच्या भावाने घेऊ नका.

मी बाकासाठी अलंगहून फळ्या आणल्या. भावनगरजवळ जहाजे मोडतात आणि तिथल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जहाजातले सामान विकायला मांडलेले असते. डेकच्या जुन्या फळ्या ओळखायच्या तर त्यांच्या कडेला डांबरासारखी काळी रेघ असते, सांध्यात भरलेल्या मसाल्याची. वरून अधूनमधून नाण्याएवढे लाकडी गोल दिसतात. ते स्क्रूवर ठोकलेले डाट. रंधा मारण्यापूर्वी प्रत्येक डाट पटाशीने काढून आत पाहा. मी लोहचुंबक फिरवून निर्धास्त झाले होते. पण स्क्रू पितळेचा होता आणि चुंबकाला पितळ कळत नाही. मिस्त्रीच्या रंध्याच्या पात्याचा तुकडा उडाला. पाते माझ्या खर्चाने आले. काळा मसाला थिनरने पुसायला जाऊ नका, तो रेषांत पसरतो. आधी धारदार पटाशीने कोरडाच काढा. आणि जुन्या जहाजी लाकडावर रंग असेल तर त्यात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नका. ओला घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

करडा पडला म्हणजे कुजला नाही

सागात स्वतःचे तेल असते, पाण्याला न जुमानणारी द्रव्ये असतात आणि बारीक वाळूसारखी सिलिका असते. तिनेच मिस्त्रीची हत्यारे बोथट होतात. या सगळ्यामुळे गाभ्याचा साग नुसत्या पावसाने सहजी कुजत नाही. त्याचे खरे भांडण उन्हाशी. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू धरून ठेवणारे लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर करड्या तंतूंचा पातळ थर उरतो. पटाशीने एक कोपरा खरवडा, खाली तोच सोनेरी साग निघेल.

काळे ठिपके ही वेगळी गोष्ट आहे, ती बुरशी. खिळ्याभोवती निळसर काळा डाग असेल तर तो लोखंडाचा. ओल लागली की लोखंड लाकडातल्या द्रव्यांशी मिळून काळे पडते. म्हणून बाहेरच्या सागात लोखंडी खिळा नको. पितळ किंवा स्टेनलेस वापरा. झोपाळ्याच्या जुन्या पितळी कड्या, मोर-पोपटांच्या सुद्धा, नुसत्या शोभेच्या नाहीत.

काय लावायचे

दुकानात जायच्या आधी एक गोष्ट ठरवा : वर्षातून किती दिवस तुम्ही या लाकडाला देणार आहात? डब्यावर काय लिहिले आहे ते नंतर वाचा. बाहेरचे कुठलेही पॉलिश संपतेच. संपल्यावर तुम्हाला ते घरच्या घरी पुन्हा देता येते की सगळे खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, एवढाच काय तो निवडीचा मुद्दा.

सर्वांत कमी कष्टाचा मार्ग म्हणजे काहीच न लावणे. जहाजांचे सागाचे डेक पुष्कळदा कोरेच ठेवतात, कारण व्हार्निश दिलेल्या डेकवर ओल्या पायाने माणूस घसरतो. आमचा गच्चीतला बाक तसाच आहे. रुपेरी करडा झाला आहे. पाहुणे विचारतात, ‘याला पॉलिश नाही का केले?’ त्यांना चहा द्यायचा. कोरा ठेवायचा तर दोन पथ्ये पाळा : लाकूड गाभ्याचे हवे आणि पाणी साचता कामा नये.

तेलाचे काम सोपे आणि फसवे. ‘टीक ऑइल’ म्हणून विकतात ते सागातून काढलेले नसते. बहुतेक ते अळशीचे किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचे तेल, त्यात सॉल्व्हंट आणि बुरशीनाशक. रंगाच्या दुकानातले साधे बेल तेल म्हणजे अळशीचेच. ते पहिले दोन महिने सुंदर दिसते, पण अळशीचे तेल बुरशीला आवडते. श्रावणात आमच्या बाकाचा एक हात त्याने काळ्या ठिपक्यांनी भरला होता. तेलच द्यायचे असेल तर बाहेरच्या वापराचे, बुरशीनाशक असलेले घ्या. पातळ हात द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेले कोरड्या फडक्याने पुसून टाका. न पुसलेले तेल चिकट होते आणि रस्त्याची सगळी धूळ धरते. खोबरेल किंवा गोडेतेल मात्र नकोच. आमचे मामंजी दर दिवाळीला झोपाळ्याला खोबरेल चोळत. ते कधीच वाळत नसे, आणि पाडव्याच्या नव्या धोतराला त्याचा डाग ठरलेला.

ऑइल पेंटला आपण उगाच नाक मुरडतो. रंगातली भुकटी ऊन आरपार जाऊ देत नाही, म्हणून कुठल्याही पारदर्शक पॉलिशपेक्षा रंग जास्त टिकतो. पश्चिमेच्या भर उन्हातला दरवाजा असेल आणि दरवर्षी हात लावायची तयारी नसेल, तर रंग द्या. थोडा रंग असलेले, लाकडाच्या रेषा दिसू देणारे वुड स्टेन हा मधला मार्ग, तोही चांगला.

लाखेचे पॉलिश, मेलामाइन आणि घरातल्या फर्निचरचे पीयू यांना ओट्याच्या बाहेर पाय ठेवू देऊ नका. इथून जवळच्या संखेड्याचे लाखेचे झोपाळे लोक हौसेने आणतात आणि बाल्कनीत टांगतात. लाख पाण्याने पांढरट होते, उन्हाने मऊ पडते. ते काम दिवाणखान्याचे. बाहेरच्या वापराचे दोन डब्यांचे पीयू मिळते, चांगलेही असते. पण ते कडक, आणि लाकूड पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आकसते. कडक पापुद्र्याला सांध्यापाशी केसाएवढी चीर गेली की पाणी आत शिरते आणि बाहेर यायला वाट नसते. मग झोपाळ्याचे झाले तेच.

राहिले व्हार्निश. ‘स्पार’ किंवा ‘मरीन’ लिहिलेले घ्या. स्पार म्हणजे शिडाच्या जहाजाची डोलकाठी आणि तिच्यासारखे वाशे. डोलकाठी वाऱ्यात वाकते, तेव्हा तिच्यावरच्या व्हार्निशलाही वाकता आले पाहिजे. म्हणून त्यात तेलाचे प्रमाण जास्त असते. डब्यावर अतिनील किरणांपासून संरक्षणाचा उल्लेख आहे ना, ते बघा. हे नखाला जरा मऊ लागते, पण लाकडाबरोबर हलते. झोपाळ्याला मी हेच दिले.

व्हार्निशचे काम, पहिल्यापासून

मुहूर्त आधी. बडोद्यात दिवाळी ते फेब्रुवारी हे दिवस सोन्याचे. पावसाळ्यात हवेतली ओल व्हार्निशला धुरकट करते. मे महिन्यात पाट इतका तापतो की ब्रश उचलायच्या आत वरचा थर वाळतो, खालचा ओला राहतो आणि फोड येतात. थंडीतही सकाळी दव असते, तेव्हा दहाच्या आधी सुरू करू नका आणि तीनच्या आत ब्रश धुवायला घ्या. उत्तरायणाचे दोन दिवस वगळा. ओले व्हार्निश, पतंगाचा मांजा आणि चिक्कीचे हात यांचे जमत नाही.

जुने पॉलिश सुटत असेल तर ते पूर्ण काढायचे. सुटलेल्या थरावर दिलेला नवा थर त्याच्याबरोबरच सुटतो. खरवडणी धारदार ठेवा आणि नेहमी रेषांच्या दिशेने ओढा. हीट गन वापरायची तर एका जागी धरून ठेवू नका, साग करपला की तो डाग खोल जातो. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०. बारीक पेपरने फार गुळगुळीत करत बसू नका, पहिल्या हाताला धरायला काहीतरी हवे.

काळे डाग राहिले तर ऑक्झॅलिक ॲसिड. आपले बडोदे केमिकलवाल्यांचे गाव, पावडर सहज मिळते. एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅमच्या आसपास, प्लॅस्टिकच्या बादलीत. हे विषारी आहे : हातमोजे, चष्मा, आणि स्वयंपाकघरातले भांडे अजिबात नको. डागावर लावा, पंधरा मिनिटे थांबा, भरपूर पाण्याने दोन-तीनदा धुवा. न धुता वाळू दिले आणि घासायला घेतले तर ती पूड नाकात जाते. धुतल्यावर दोन-तीन दिवस सावलीत वाळवा.

नुसता करडेपणा घालवायचा असेल तर साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. ब्रश रेषांना आडवा चालवा. उभा जोरात घासला तर दोन रेषांमधले मऊ लाकूड उकरले जाते आणि पृष्ठभागावर खाचा पडतात. गाडी धुवायच्या प्रेशरच्या पाइपने तेच होते, फक्त लवकर. तारेची घासणीही नको. तिचे तुकडे रेषांत अडकतात, गंजतात आणि पहिल्याच पावसात पाटावर तीळ उगवतात.

आता सागाची खोड. त्याचे स्वतःचे तेल कुठल्याही पॉलिशला नीट चिकटू देत नाही. म्हणून पहिला हात देण्याच्या अगदी आधी पांढरे सुती फडके ॲसिटोनमध्ये भिजवून पाट पुसायचा. फडके पिवळे-तपकिरी होते, चहाचे गाळणे पुसावे तसे. फडके बदलत राहा, रंग फिका होईपर्यंत. पंधरा मिनिटांत ॲसिटोन उडून जाते. तेव्हाच पहिला हात द्या. उद्यावर टाकलेत तर आतले तेल पुन्हा वर येते. ॲसिटोन भडकते, आसपास गॅस नको, देवघरातला दिवा नको.

पहिला हात निम्मे व्हार्निश, निम्मे टर्पेंटाइन. हा लाकडात मुरण्यासाठी. दुसऱ्यात टर्पेंटाइन चौथा हिस्सा, तिसऱ्यात दहावा, पुढचे तीन निर्भेळ किंवा चमचाभर पातळ केलेले. एकूण सहा हात. लोकांना हे जास्त वाटते, मिस्त्री तर हसतोच. पण बाहेरच्या व्हार्निशची ताकद त्याच्या जाडीत असते, आणि ती जाडी पातळ पातळ थरांनीच यायला हवी. एकदम जाड हात दिला तर सुरकुत्या पडतात. दोन हातांत एक दिवस सोडा. मध्ये २२० नंबरने हलके घासायचे, चौथ्यापासून ३२०. पाट सगळीकडे दुधी, निस्तेज दिसला पाहिजे. चमकणारा ठिपका राहिला म्हणजे तिथे पेपर लागलेला नाही. मग टर्पेंटाइनने ओलसर फडक्याने धूळ टिपून घ्या.

डबा कधी हलवू नका. ढवळा, तेही हळू. हलवल्याने होणारे बुडबुडे वाळून दाणे बनतात. डब्यात थेट ब्रश न बुडवता वाटीत जुन्या मलमलीतून गाळून घ्या. ओट्यावर आधी पाणी शिंपडा, रस्त्याची धूळ बसते. ब्रशचा एक तृतीयांश भागच बुडवा, आधी रेषांना आडवा पसरवा, मग शेवटचा हात रेषांच्या दिशेने, नुसत्या टोकाने. तिरपे बघा. उजेडाकडे तोंड करून, डोळा पाटाच्या पातळीला आणून पाहिले की राहून गेलेली जागा सुक्या डबक्यासारखी दिसते.

जिथे सगळे फसतात तो भाग म्हणजे शेव. फळीचा आडवा कापलेला शेव म्हणजे हजारो बारीक नळ्यांची तोंडे. पाणी तिथून जितके शोषले जाते तितके वरून नाही. शेवांना आणि कड्यांच्या भोकांच्या आत पातळ व्हार्निश लागोपाठ चार-पाच वेळा, पिणे थांबेपर्यंत. आमचा पीयूचा फुगवटा बरोबर या भोकातूनच सुरू झाला होता. बाकाचे पाय थेट फरशीवर ठेवू नका, खाली दगडी किंवा रबरी ठोकळा द्या. पाटाच्या खालच्या बाजूलाही किमान तीन हात. एकच बाजू बंद केली की दुसरी ओल पिते आणि पाट पन्हाळ्यासारखा वाकतो.

शेवटी फडकी, आणि हे वाचून सोडून देऊ नका. तेलाची किंवा व्हार्निशची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर वाळताना ती स्वतःच तापतात आणि पेटू शकतात. काडी लागत नाही. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून मग टाका.

वर्षभर

ओल्या फडक्याने आठवड्याला पुसणे, बस. दिवाळीनंतर ३२० ने घासून एक-दोन हात. पश्चिमेच्या उन्हात असेल तर पावसाच्या आधी, मेअखेरीच्या एखाद्या सकाळी सावलीत, आणखी एक. चमक गेली म्हणजे वेळ झाली. पिवळट डाग किंवा चीर दिसली म्हणजे उशीर झाला. चिरेपुरते लाकडापर्यंत उघडा, कडा उतरत्या घासा आणि तेवढ्याच जागी पातळ हातापासून पुन्हा सुरू करा. सगळा पाट खरवडायला नको, पीयूपेक्षा याचे मला हेच आवडते. तेल दिलेल्या लाकडावर पाण्याचा थेंब टाकून बघा. मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक, पसरून मुरला तर तेल संपले.

पुराबद्दल दोन शब्द. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी गावात शिरली तेव्हा मगरींची चर्चा सगळ्यांनी केली, दरवाज्यांची कोणी केली नाही. पुरात बुडालेला सागाचा दरवाजा पाणी उतरल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवा. चिखल सांध्यांत वाळू देऊ नका. उन्हात टाकू नका, फळ्या चिरतात. सावलीत, वारा दोन्ही बाजूंनी लागेल असा उभा ठेवा आणि काही आठवडे त्याला काहीही लावू नका. ओलमापक मिळाला तर बारा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत थांबा. आमच्या मागच्या दाराला तर दिवाळी उलटून गेली तरी मी हात लावला नव्हता.

उरलेले व्हार्निश लहान बाटलीत गच्च भरून ठेवा. डब्यात हवा राहिली की वर साय धरते. माझ्या बाटलीच्या झाकणावर पट्टी चिकटवून तारीख आणि कितवा हात ते लिहिलेले असते. सध्या तिथे लिहिले आहे : ‘पाट वरून झाला. खालून, डावी कडी, राहिली.’